माइक घेण्याआधी नियत

"पाच हजारांत चांगला माइक कुठला मिळेल?" हा प्रश्न आता स्टुडिओवाल्यांपुरता राहिलेला नाही. नातशरीफ पढणारी पोरं विचारतात, भजनी मंडळातले पेटीवाले विचारतात, आणि २०२० च्या टाळेबंदीत फोनवरून शिकवायला लागलेले आम्ही शिक्षक तर तेव्हापासून विचारतोच आहोत. उत्तर देणारेही पुष्कळ. कुणी एका कंपनीचं नाव घेतो, कुणी दुसऱ्या. माइक नेमका कशासाठी हवाय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. आवाजाच्या यंत्रांशी माझा संबंध शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या कर्ण्यापुरताच होता. गेल्या वर्षी घरात एक वाद्य रेकॉर्ड करण्यासाठी माइक निवडायचं काम माझ्यावर आलं. तीन-चार महिने विचारपूस केली, वाचलं, उसने माइक आणून तुलना केली. ज्यांच्या घरी वाद्य आहे, वाजवणारं किंवा बनवणारं माणूस वयस्क आहे आणि पैसे बेताचे आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून ते सगळं इथं लिहिते आहे.

माझं आजोळ मिरजेचं. मिरजेत सतार आणि तंबोरा बनवणाऱ्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिथल्या कारागिरांच्या एका घराण्याचं आडनावच सतारमेकर आहे. उर्दूत 'साज' म्हणजे वाद्य, आणि घडीसाजसारख्या शब्दात 'साज' म्हणजे बनवणारा. मराठीत साज म्हटलं की आपल्याला गळ्यातला कोल्हापुरी साज आठवतो. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना मिरजेचं उदाहरण देते. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, लाकूड तुणाचं, आणि हात मिरजेचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आजोळी पेढे वाटले होते.

माझे मामू पन्नास वर्षं जवारी लावत आले. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी घोडी असते, तिच्यावर हाडाची किंवा तशाच कठीण जिनसाची पट्टी असते. तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवला की एका ठिकाणी आवाज फुलतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना हेच दाखवलं होतं: तार जिथं छेडली त्यावरून जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, आणि ही किमया त्या घोडीची आणि धाग्याची. हा उतार कानशीनं आणि पॉलिश पेपरनं घासून काढायचा, दर दोन-चार हातांनंतर तार चढवून ऐकायची, पुन्हा उतरवायची. खुली जवारी, बंद जवारी, गोल जवारी असे तिचे प्रकार. गायक आपल्या गळ्याप्रमाणे मागतात. हे काम कुठल्याही मोजपट्टीवर होत नाही, ते कानावर होतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मामूंची कानाची तपासणी केली. डावा कान बराच उतरलेला, उजवाही उतरणीला. वयानं कान जातो तेव्हा वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, आणि जवारी ओळखायची ती नेमकी त्याच आवाजांवरून. मामूंचा नातू बी.कॉम. झालाय, दिवसा एका दुकानात हिशेब लिहितो आणि रविवारी आजोबांजवळ बसून हे काम शिकतो. जवारी शिकायला वर्षं लागतात. मामूंच्या कानाकडे किती वर्षं आहेत, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणून ठरलं की मामूंचं काम आवाजात साठवायचं. मैफल नव्हे. एकच तंबोरा, घासण्याआधीचा, मधल्या प्रत्येक टप्प्यावरचा आणि पूर्ण झालेला, आणि दर टप्प्याला मामू आपल्या तोंडानं सांगणार की आता काय कमी आहे. तिन्ही जवाऱ्या एकाच पट्टीत शेजारी शेजारी ऐकता याव्यात. मामूंनी सांगायचं सोडल्यावरही नातवाला त्यावर कान घासता यावा. आपल्याकडे कुठल्याही कामाची सुरुवात नियतपासून होते. माइकच्या बाबतीत ही शिकवण मला फार उपयोगी पडली, कारण त्यामुळे माझा प्रश्न बदलला. "सगळ्यात चांगला माइक कुठला" हा प्रश्न बाजूला पडला. "ज्या आवाजात खुली आणि गोल जवारी वेगळी ओळखता येईल, असा सगळ्यात स्वस्त माइक कुठला" हा प्रश्न उरला. याचं उत्तर दुकानदार देऊ शकत नाही, मामूच देऊ शकत होते.

पहिला प्रयोग अर्थातच फोनचा. फोनमधलं साधं रेकॉर्डर सुरू केलं, नातवानं तंबोरा छेडला, मी मामूंना ऐकवलं. उजवा कान पुढं करून त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "इसमें तंबोरा किधर है बेटी? खाली टुणटुण है."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. बोलणं सतत बदलतं. पंख्याची घरघर, गाडीचं इंजिन हे आवाज एकसारखे राहतात. म्हणून फोनमधली आवाज साफ करणारी यंत्रणा असं धरून चालते की जो आवाज एकसारखा चालू आहे तो गोंगाट, त्याला दाबा. तंबोऱ्याचं सगळं सौंदर्य तर एकसारखं चालू राहण्यातच आहे. फोन त्याला पंखा समजतो. शिवाय आवाज लहान झाला की फोन आपोआप तो मोठा करतो आणि मोठा झाला की लहान करतो, त्यामुळे तार विरत जाते तसतसा खोलीतला गोंगाट वर येतो. वर आपण ते व्हॉइस नोट करून पाठवतो, त्यात आवाज आणखी आवळला जातो.

याचे तीन उपाय फुकटातले आहेत. फोनमध्ये असं रेकॉर्डिंग ॲप घ्यावं ज्यात आवाज साफ करणं आणि आपोआप लहान-मोठा करणं, दोन्ही बंद करता येतं. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवावी. आणि पाठवायची झाली तर व्हॉइस नोट म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. झूमवर गाणं-वाजवणं शिकणाऱ्यांसाठीही 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय असते, ती चालू करावी. एवढं केल्यावर आमच्या टुणटुणीत थोडा तंबोरा परत आला. पण मामूंचं समाधान झालं नाही, आणि खुली-गोल ओळखताना तेही अडखळले. तेव्हा वेगळा माइक लागणार हे नक्की झालं.

माइकचे मुख्य प्रकार दोन. पहिला डायनॅमिक. यात पातळ पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं, ते चुंबकाच्या मधे हलतं आणि वीज तयार होते. याला बाहेरून वीज लागत नाही, हा आपटला तरी चालतो, मोठ्या आवाजाला घाबरत नाही. मशिदीत, सभेत, कव्वालीच्या मंचावर जो हातात दिसतो तो बहुतेक हाच. शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ पासून जगभर चालत आलेला नमुना. ढोलकी, ताशा, डफ अशा जोरकस वाद्यांना हा उत्तम. पण पडद्याबरोबर वेटोळंही हलवावं लागत असल्यानं अगदी बारीक, वरच्या आवाजांना तो सावकाश प्रतिसाद देतो, आणि त्याच्याकडून येणारा विजेचा इशारा इतका अशक्त असतो की हळू वाद्यासाठी तो फार वाढवावा लागतो. स्वस्त यंत्रावर वाढवला की सोबत खरखरही वाढते.

दुसरा कंडेन्सर. यात हलकासा पडदा एका धातूच्या पट्टीसमोर ताणलेला असतो आणि दोघांमध्ये विद्युतभार असतो. पडदा केसभर हलला तरी फरक नोंदला जातो. म्हणून तंबोरा, सतार, सारंगी यांच्यासाठी कंडेन्सरच योग्य. अडचण अशी की त्याला बहुतेक वेळा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो देणारा एक डबा, ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, वेगळा घ्यावा लागतो. माइकची किंमत विचारताना लोक या डब्याची, केबलची आणि स्टँडची किंमत विसरतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा या वर्गातला पहिल्या पायरीचा, सगळीकडे नावाजलेला माइक. पण डब्यासकट तो माझ्या पाच हजारांत बसत नव्हता. थेट संगणकाला जोडायचे यूएसबी माइकही असतात. त्यांच्या पोटात कंडेन्सर आणि डबा दोन्ही असतात, आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना ते सोपे पडतात. आमच्या कारखान्यात लॅपटॉप ठेवण्याइतकी जागाही नाही आणि धूळही फार.

कंडेन्सरचाच एक गरीब भाऊ आहे, इलेक्ट्रेट. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट हे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आणि त्यांचे जर्मन सहकारी गेऱ्हार्ड सेसलर यांनी एक युक्ती शोधली. विद्युतभार बाहेरून सतत देण्याऐवजी तो प्लास्टिकच्या पातळ पडद्यातच कायमचा कोंडून ठेवायचा. ४८ व्होल्टची गरज संपली, फोनमधून मिळणारी किंवा बटणासारख्या सेलमधली वीज पुरू लागली, माइक तांदळाच्या डब्याएवढा होता तो हरभऱ्याएवढा झाला. टेलिफोन, टेपरेकॉर्डर, कानाची यंत्रं, सगळीकडे हाच पोचला. मुलाखतीत कॉलरला लावतात तो माइक याच जातीचा.

मी सांगलीत एका दुकानात चौकशी केली तेव्हा मला एक पूर्ण संच दाखवला गेला. मोठा सोनेरी माइक, वाकणारा लोखंडी हात, तोंडासमोरची जाळी, फोमचे तुकडे, सगळं तीन हजारांत. दिसायला अगदी रेडिओ स्टेशन. मी दुकानदारांना विचारलं, "याच्यात स्वतःची खरखर किती?" कारण प्रत्येक माइक स्वतःही थोडा सूं-सूं आवाज करत असतो, आणि चांगले उत्पादक तो आकडा छापतात. एटी२०२० चा २० डेसिबल आहे. रोडच्या एनटी१-ए नावाच्या महागड्या माइकचा तर फक्त ५. रात्रीच्या शांत घरातही साधारण ३० डेसिबल आवाज असतोच, त्यामुळे पेटी किंवा डफासाठी या आकड्याची फार चिंता नको. पण तंबोऱ्यासारखं हळू वाद्य असेल तर तो पाहिलाच पाहिजे. त्या सोनेरी संचाच्या खोक्यावर असा आकडा कुठंच नव्हता. मी आभार मानून निघाले.

नंतर शाळेतल्या संगीताच्या मॅडमनी आपला एटी२०२० आणि डबा एका सकाळसाठी उसना दिला. एका ओळखीच्या कव्वालांकडून हातातला डायनॅमिक माइक आणला. आणि बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा कॉलरचा माइक मी विकत घेतला, मला तो नऊशेच्या आसपास पडला. एकाच पट्टीतले दोन तंबोरे घेतले, एक खुल्या जवारीचा, एक गोल. तिन्ही माइक एकाच जागी, एकामागून एक ठेवून दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड केलं. ऐकवण्याआधी सगळ्यांचा आवाज सारखा करून घेतला, कारण जरा मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. तुलना करणाऱ्यानं ही खबरदारी घ्यावीच. मग क्रम उलटसुलट करून हेडफोनवर मामूंना ऐकवलं. कुठला माइक कुठला, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

डायनॅमिकवर ते थांबले. पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "वाकळ ओढके बजाया क्या?" खुली-गोल त्यांनी ओळखली, पण अंदाजानं. एटी२०२० वर दुसऱ्या छेडीलाच बोट वर झालं: ही खुली. कॉलरच्या माइकवरही त्यांनी दोन्ही बरोबर ओळखल्या, फक्त "पीछे कुछ शीं-शीं करता" अशी तक्रार केली. शीं-शीं होतीच, इवल्याशा माइकची ती मर्यादा आहे. पण ज्या प्रश्नासाठी आम्ही निघालो होतो, त्याचं उत्तर नऊशे रुपयांच्या वस्तूनं दिलं होतं. नातवालाही विचारलं, त्यानंही ओळखलं. माझी खरेदी तिथंच संपली.

उरलेले पैसे मी माइकवर न घालता त्याच्या आजूबाजूला घातले: फोनचा एक तिपाई स्टँड, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, दोन पेन ड्राइव्ह. सगळं मिळून चार हजारांच्या आसपास. नव्या फोनला पिन लावायचं भोक नसतं, म्हणून मुलीचा जुना फोन या कामाला लावला.

माइक कुठं ठेवायचा, हे कुठला घ्यायचा याहून महत्त्वाचं आहे. कॉलरचा माइक सगळ्या दिशांनी सारखं ऐकतो. त्यामुळे तो वाद्याच्या जवळ नेला तरी खालचे स्वर अकारण फुगत नाहीत. एकाच दिशेनं ऐकणारे माइक फार जवळ नेले की ते फुगतात. मौलाना किंवा कीर्तनकार माइक ओठांना लावून बोलतात तेव्हाचा घुमणारा आवाज तो हाच. पण सगळ्या दिशांनी ऐकणारा माइक खोलीही ऐकतो. म्हणून आम्ही तो घोडीपासून सुमारे दीड-दोन फुटांवर, किंचित दांडीच्या बाजूला ठेवतो. अगदी जवळ नेला तर एकच तार आणि बोटाची घसट ऐकू येते. चार फुटांवर नेला तर भिंती ऐकू येतात. माइक तंबोऱ्यालाच अडकवायचा मोह होतो, तो टाळावा, लाकडाचा हादरा थेट त्यात शिरतो. मी शाळेतली लाकडी फूटपट्टी तिपाईला आडवी बांधली आणि तिच्या टोकाला माइकचा चिमटा लावला.

दुसऱ्या वाद्यांचं गणित वेगळं. पेटीचा आवाज वरच्या झाकणातून आणि मागच्या बाजूनं येतो, भात्याचा श्वासही सोबत येतो, म्हणून माइक अडीच-तीन फूट दूर आणि जरा उंचावर बरा. बँजो, म्हणजे आपलं बुलबुल तरंग, याच्या बटणांची खटखट फार. माइक बटणांकडे न धरता तारा छेडल्या जातात त्या बाजूला धरावा. डफाला समोरून न धरता तिरका धरावा आणि आवाजाची पातळी आधीच कमी ठेवावी. पातळीचा नियम सगळ्यांना एकच: सगळ्यात जोरात वाजेल तेव्हाही काटा लाल पट्टीला शिवता कामा नये, उणे १२ च्या आसपास राहिला तर उत्तम. हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही.

खोलीसाठी एक पैसाही लागत नाही. कारखान्यातल्या पत्र्याखाली आवाज नाचतो, म्हणून आम्ही घरातली आतली खोली घेतली. खाली सतरंजी, दोन भिंतींवर वाकळा, एका बाजूला कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं. जाड कापड खोलीतला प्रतिध्वनी खातं, पण बाहेरचा गोंगाट थांबवत नाही. त्याला उपाय वेळेचा. मिरज जंक्शनच्या गाड्या आपल्या हातात नाहीत, पण फजरच्या नमाजनंतरचा अर्धा-पाऊण तास गल्ली झोपलेली असते. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज पुन्हा सुरू करायचं ध्यानात राहावं म्हणून घराची किल्ली त्यातच ठेवायची, ही युक्ती संगीताच्या मॅडमची. आणि ऐकून निर्णय घ्यायचा तो हेडफोनवर. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा असतो, तो फोनच्या स्पीकरमधून निघतच नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. ती इथं लिहिणं मला आवश्यक वाटतं, कारण अनेक मुस्लिम घरांत ती निघते आणि तिच्यावर आपण मोकळेपणी बोलत नाही. ते म्हणाले, माणूस गेल्यावर सदका-ए-जारियाचा सवाब मिळत राहतो, तसा गुनाहही जारी राहतो. वाद्याचा आवाज साठवून ठेवला आणि मामूंच्या मागं तो वाजत राहिला, तर त्याचा हिशेब कुणाच्या खात्यावर?

त्यांचा हेतू मामूंच्या भल्याचाच होता, म्हणून मी वाद घातला नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद फार जुने आहेत. इमाम गज्जालींनी 'इह्या'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहून ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीला महत्त्व दिलं, आणि त्याच प्रकरणात तंतुवाद्यांच्या बाबतीत हात आखडता घेतला. दुसरीकडे आमच्या मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात, १९३७ साली वारलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दर वर्षी गाणं होतं. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. माझ्यासारख्या शिक्षिकेनं फतवा काढायचं कारण नाही.

उत्तर मामूंनी दिलं. म्हणाले, "इसी हाथ की रोजी खिलाई मैंने तुम सबको. जो सिखाया वो हिसाब में आयेगा, और जो नै सिखाया वो भी आयेगा." मग त्यांनीच एक मर्यादा घातली: हे रेकॉर्डिंग युट्यूबवर जाणार नाही, करमणुकीसाठी कुणाला दिलं जाणार नाही, काम शिकणाऱ्यालाच मिळेल. हरकत घेणारे वडीलधारे गप्प राहिले. त्यांचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी फजरनंतर त्यांनी आपल्या घरातल्या दोन वाकळा पाठवल्या.

भारतात पहिल्यांदा ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण झालं ते १९०२ साली कलकत्त्यात. गौहर जान यांना तेव्हा भोंग्यात तोंड घालून गावं लागलं, कारण माइकच नव्हता. विजेवर, माइकनं रेकॉर्डिंग १९२५ नंतर सुरू झालं. भोंग्याच्या काळात तंबोऱ्यासारखा बारीक आवाज तबकडीवर जेमतेम पोचे, आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचीच जागा. तेव्हा काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कंपनी ठरवत असे. गाणाऱ्याचं नाव तबकडीवर छापलं जाई. ज्यानं जवारी लावली त्याचं नाव छापायचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात पाच पिढ्या हे काम झालं आणि मामूंच्या आधीच्या एकाही हाताचा आवाज आमच्याकडे नाही. आज नऊशे रुपयांत ते काम होतं, आणि काय ठेवायचं ते घरातलं माणूस ठरवतं.

आतापर्यंत आमच्याकडे एकतीस फाइली झाल्या आहेत. प्रत्येकीच्या सुरुवातीला नातू तोंडी सांगतो: तारीख, तंबोरा कुठला, पट्टी कुठली, घोडी कशाची, कितवा टप्पा. फाइलचं नाव बदलू शकतं, हरवू शकतं. बोललेलं आवाजातच राहतं. एक प्रत पेन ड्राइव्हवर मिरजेत, दुसरी सांगलीत माझ्याकडे. काही फाइलींत मामू चक्क चिडलेत, नातवानं दोन हात जास्त घासले म्हणून. त्या मी पुसू दिल्या नाहीत, कारण जास्त घासलेली जवारी कशी वाजते हे नातवाला त्यातूनच कळलं.

तुमच्या घरी पेटी असेल, सनई असेल, डफ असेल, आजीचं जात्यावरचं गाणं असेल, तर माइकच्या दुकानात जाण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: हे रेकॉर्डिंग कोण ऐकणार आणि त्याला त्यातून काय ओळखता आलं पाहिजे. मग कुणाकडून तरी दोन-तीन माइक उसने आणा, आवाज सारखा करा, आणि त्या वाद्याचं ज्याला कळतं त्याच्या कानाला विचारा. महाग माइकची गरज निघाली तर जरूर घ्या. पैसे साठेपर्यंत थांबायचं असेल, तर तोवर आहे त्या फोनमधली ती आवाज साफ करणारी यंत्रणा बंद करून आज संध्याकाळीच सुरुवात करा. आमच्या मामूंच्या कानाची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. बंद जवारीचे शेवटचे तीन टप्पे त्याआधी पूर्ण करायचे आहेत.